गंधमुक्तीच्या जाहिरातीत हातानं काढलेलं चित्र का चालत नाही?

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

पेपर आला की मी आधी निधनवार्तांचं पान उघडतो. माझ्या वयाचे सगळेच उघडतात, पण मी नावं नंतर वाचतो, आधी चेहरे बघतो, कारण २८ वर्षं शाळेत चित्रकला शिकवली आणि ती खोड काही जात नाही. खरं सांगू का, हल्ली ते पान बघवत नाही. निम्मे फोटो आधार कार्डावरचे. आधारचा फोटो म्हणजे काय ते सगळ्यांना माहितीये, त्यात चांगला धडधाकट माणूस पण गेल्यासारखा दिसतो. उरलेले कुणाच्या तरी लग्नाच्या ग्रुप फोटोतून कापलेले, खांद्यावर दुसऱ्याचाच हात, मागे कुणाच्या तरी फेट्याचा तुरा.

पत्र लिहायचं कारण असं की आमच्या गल्लीतली जिजी मागच्या महिन्यात गेली. जायच्या दीडेक महिना आधी मी तिला समोर बसवून तिचं चित्र काढलं होतं. गंधमुक्तीची, म्हणजे सुतक फिटायच्या विधीची, जाहिरात द्यायला तिचा मुलगा तेच चित्र घेऊन एका पेपरच्या काउंटरवर गेला, तर तिथल्या पोरानं सांगितलं स्केच चालत नाही, ओरिजिनल फोटो आणा. ओरिजिनल! मग काय, आधार कार्ड.

आता मी पण काही फार सोवळा नाही. नव्वदच्या दशकात, घरोघरी कॉम्प्युटर यायच्या आधी, पगारात भागायचं नाही म्हणून मी फोटोवरून मोठी चित्रं करून द्यायचो. दशक्रिया झाली की घरचे यायचे, हातात पासपोर्ट साइज फोटो, नाहीतर थेट तिरडीवरचाच काढलेला, आणि म्हणायचे सर, डोळे तेवढे उघडे करून द्या. टोपी घाला. दात नव्हते पण गाल भरून दाखवा. लुगडं जरा जरीचं करा, गळ्यात पोत घाला. मी सगळं करायचो, काळी पावडर आणि ब्रश, दोन दिवसात काम तयार, की गंधमुक्तीला फ्रेम भिंतीवर. जन्मात कधी बघितलं नाही अशा किती माणसांचे डोळे मी उघडले त्याचा हिशोब नाही. एकदा पारोळ्याकडची एक बाई चित्र घेऊन परत आली. भांडली वगैरे नाही, म्हणाली चित्र छान झालंय सर, फक्त आमच्या ह्यांचा डावा डोळा थोडा बारीक होता. ती गेल्यावर मी ते चित्र घरात तयार पडलेल्या दुसऱ्या दोन चित्रांशेजारी ठेवलं आणि बघत बसलो. तिघांचे डोळे सेम टू सेम. एकच जोडी मी सगळ्यांना वाटत सुटलो होतो.

रिटायर झाल्यावर मग ठरवलं की आता गेल्यावर नाही, आधी. माणूस समोर पाहिजे, बोलता पाहिजे, चित्र बघून नावं ठेवणारा पाहिजे.

जिजीला तोंडाचा कॅन्सर. डॉक्टरांनी घरी न्या म्हणून सांगितलेलं. मागच्या खोलीत खाट, सकाळची गोळी लागू पडली की नऊ ते साडेनऊ ती बरी असायची, तेवढाच आमचा टाइम. पहिल्या दिवशी माझा हात जुन्याच वळणानं गेला, सुजलेला गाल थोडा आत घेतला, सुरकुत्या कमी केल्या, गळ्यात आपोआप पोत आली. तिनं चष्मा लावला, कागद लांब धरला, जवळ धरला आणि आमच्या अहिराणीत म्हणाली, "हाई मी नही शे. हाई ते मन्ही सासू शे." (ही मी नाही, ही तर माझी सासू आहे.) सगळे हसले. ती नाही हसली, हसलं की गाल दुखायचा, पण डोळ्यात दिसलं. मग पोत खोडायला लावली. ती पोत विहिरीच्या मोटारीसाठी कधीच मोडली होती, आता कागदावर खोटी कशाला. कपाळावरचं गोंदण मात्र मी विसरलो होतो, म्हणजे ते तीन ठिपके मी सुरकुतीत धरले होते, ते एकेक बोट लावून दाखवून काढून घेतले. मी भीतभीत गालाचं विचारलं. "फुगेल शे ते फुगेलच काढ, भाऊ."

चाळीसगावला फोटोग्राफर आणि चित्रकार केकी मूस यांचा बंगला आहे, त्याचं नाव त्यांनी 'रेम्ब्रांट्स रिट्रीट' ठेवलं होतं. शाळेची पोरं घेऊन मी तिथे गेलोय आणि पोरांना रेम्ब्रांट कोण ते सांगितलंय, की बाबांनो हा डच चित्रकार १६६९ साली वारला आणि त्याच वर्षी, वयाच्या ६३ व्या वर्षी, त्यानं स्वतःचं चित्र काढलं, नाक बटाट्यासारखं, डोळ्यांखाली पिशव्या, काही झाकलं नाही. दरवर्षी हे सांगत होतो आणि घरी येऊन म्हाताऱ्यांचे गाल भरत होतो. जिजीनं रेम्ब्रांटचं नाव पण ऐकलं नव्हतं.

पाच वेळा बसलो आम्ही. बसवणं म्हणजे सून पलंगावर तिच्या मागे बसायची आणि पाठीला उशी लावून दोन्ही हातांनी धरायची, कारण तोल जायचा. पहिल्या दोन दिवशी मी ते हात काढलेच नाहीत, पोर्ट्रेट म्हटलं की एकच माणूस असं डोक्यात. मग अजिंठ्याची १६ नंबरची लेणी आठवली. आमच्या जळगावच्या शाळांची निम्मी सहल अजिंठ्यालाच जाते त्यामुळे बऱ्याच जणांनी ते चित्र बघितलं असेल, अंधारात गाइड बॅटरी मारून दाखवतो, 'मरणासन्न राजकुमारी'. जाणकार म्हणतात ती राजकुमारी मरत वगैरे नाहीये, ती बुद्धाचा सावत्र भाऊ नंद याची बायको सुंदरी, नवरा भिक्षू झाला आणि त्याचा मुकुट घरी परत आला तो बघून ती कोसळलीये. असो, नाव पडलं ते पडलं. पण तिथे मान टाकलेली ती बाई एकटी नाही, मागून एक दासी तिला सावरून धरतेय आणि चितारणाऱ्यानं त्या धरणारीवर पण तेवढीच मेहनत घेतलीये. मी तिसऱ्या दिवशी सुनेचे हात काढले. आता चित्रात जिजीच्या खांद्यावर हिरव्या बांगड्यांचा एक हात आहे आणि मला विचाराल तर अख्ख्या चित्रात तोच सगळ्यात चांगला जमलाय.

आणखी एक गोष्ट मी बघितली. आजारी माणसाच्या घरात बोलणं काय चालतं तर गोळी घेतली का, लघवी झाली का, दोन घास खाल्ले का. चित्राला बसवलं की त्या माणसाला कुणीतरी अर्धा तास नुसतं बघत असतं, ताप बघायला नाही, सलाइन बघायला नाही. मग तो बोलतो. जिजी ७२ च्या दुष्काळाचं बोलली, रस्त्याच्या कामावर खडी फोडायला जायची ते, आणि तिथे मिळणारी सुकडी घरी आणायची ते. पन्नाशीचा तिचा मुलगा दारात चहाचा कप घेऊन उभा होता, चहा गार झाला. तेव्हा तो तिच्या पोटात होता हे त्याला त्या दिवशी कळलं.

लोकांचं बोलणं पण सांगतो, नाहीतर वाटेल मी नुसता माझा ढोल वाजवतोय. अशुभ म्हणतात. एका घरी चित्र पूर्ण झालं आणि आठव्या दिवशी आबा गेले, तर गावात झालं की सरांनी चित्र काढलं अन् म्हातारा गेला. अहो म्हातारा जाणार होता म्हणून तर मला बोलावलं होतं! वर्षभर त्या गावातून फोन नाही. एका कार्यालयात चित्रं मांडायची म्हटली तर मालक म्हणाले लग्नाचा सीझन आहे सर, कशाला. त्यांचंही बरोबर आहे म्हणा.

पण अशुभपेक्षा मला दुसरी भीती वाटते. माझा एक दोस्त, शाळेत माझ्याबरोबर गणित शिकवायचा, लिव्हरनं गेला. त्याला काविळीचा रंग चढला होता आणि मी समोर बसून विचार काय करत होतो तर यलो ऑकर पुरेल का लेमन यलो टाकावा लागेल. मित्र जातोय आणि मी रंग मिळवतोय. माझी मलाच लाज वाटली, हात थांबला. त्याला कळलं. म्हणाला, "काढ रे, पिवळा कमी पडला तर माझ्यातला घे." मोने नावाचा फ्रेंच चित्रकार होता (आपला मराठी मोने नाही), त्यानं १८७९ साली बायकोच्या मरणाच्या बिछान्याशी बसून तिचं चित्र काढलं आणि पुढे मित्राला सांगितलं की तिच्या चेहऱ्यावर एकेक रंग कसा बदलत गेला हे माझे डोळे आपोआप टिपत होते, त्याला त्याचा धक्का बसला होता. हे मी एटीडीला (चित्रकला शिक्षकाचा डिप्लोमा) असताना परीक्षेपुरतं वाचलं होतं. समजलं त्या दोस्तासमोर.

म्हणून मी एक नियम पाळतो, आजारी माणूस स्वतः हो म्हणाला तरच. घरच्यांचं हो चालत नाही. बादशहा जहांगीरच्या दरबारात इनायत खान म्हणून एक होता, अफू आणि दारूनं नुसता सापळा उरलेला. १६१८ साली त्याला पालखीतून आणलं, बादशहानं बघितलं, नवल वाटलं आणि चित्रकारांना हुकूम दिला याचं चित्र काढा. त्याला दोन हजार रुपये दिले, दुसऱ्या दिवशी तो गेला. जहांगीरनं स्वतः लिहून ठेवलंय हे. चित्र म्हणाल तर तोड नाही, बरगडी न् बरगडी मोजून घ्या. पण इनायत खानला कुणी विचारलं होतं का? तो चित्रात आपल्याकडे बघत नाही. मोगल चित्रात चेहरा बहुतेक बाजूनंच काढतात हे मला माहितीये, तरी पण मला ते खटकतं.

बाकी कामातलं सांगायचं तर आजाऱ्याच्या खोलीत तैलरंग नकोतच, टर्पेन्टाइनच्या वासानं ओकारी येते. चारकोलची भुकटी उडते, खोकला असेल तर तेही नको. पेन्सिल आणि थोडा जलरंग, बास. मे महिन्यात आपल्याकडे ४४-४५ डिग्रीत कूलर बंद ठेवता येत नाही आणि कूलरच्या ओलसर हवेनं कागद फुगतो, तर कागद चारी बाजूंनी बोर्डला चिकटवून घ्यायचा. सलग वीस मिनिटांच्या वर बसवायचं नाही, माणूस नाही म्हणत नाही पण मान सांगते.

तर साहेब, विनंती एवढीच आहे की निधन आणि गंधमुक्तीच्या जाहिरातीत फोटोच्या चौकटीत हातानं काढलेलं चित्र घ्यायला तुमच्या पेपरनं तरी हरकत घेऊ नये. चित्राचा मोबाइलवर फोटो काढला की तो फोटोच झाला ना? छापायला काही वेगळं लागत नाही. आणि ओळख पटण्याचा प्रश्न असेल तर जिजीचं आधार कार्ड आणि माझं चित्र शेजारी ठेवून आमच्या गल्लीतल्या कुठल्याही पोराला विचारा, यातली जिजी कोणती.

वाचकांपैकी कुणाच्या घरी असं कुणी असेल आणि त्यांना स्वतःला बसायची इच्छा असेल तर गावाच्या आसपास मी स्वतः येतो. सकाळचाच टाइम द्या. पैसे घेत नाही, चहा बिनसाखरेचा लागतो. फक्त बसता येतंय तोवर बोलवा. जिजीच्या चित्रात डावा कान राहिलाय, सहाव्या दिवशी काढू म्हणालो होतो. मुलगा म्हणतो अंदाजानं पुरा करून टाका सर, कुणाला कळणार आहे. मी तसाच ठेवलाय.

आपला,
एक निवृत्त चित्रकला शिक्षक
ता. अमळनेर, जि. जळगाव