दहाव्या दिवशीचा लाल ठिपका: आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

माननीय आरोग्यमंत्री,
सादर नमस्कार.

माझी मुलगी जन्मली तेव्हा तिच्या डाव्या पापणीवर काहीच नव्हतं. दहाव्या दिवशी डास चावल्यासारखा ठिपका दिसला. दीड महिन्याच्या लशीला नेलं तोवर त्याचा शर्टाच्या बटणाएवढा लालभडक उंचवटा झाला होता. "लासं आहे, आपोआप जाईल," असं सांगून नर्सबाईंनी वजन लिहून घेतलं. तिसऱ्या महिन्यात तो डोळा पुरता उघडेना.

नर्सबाई खोटं बोलल्या नाहीत. रक्तवाहिन्यांची ही गाठ, हिमँजिओमा, शंभरात चार-पाच तान्ह्या बाळांना होते. मुलींना आणि कमी दिवसांच्या बाळांना जास्त. बहुतेक गाठी चार वर्षांपर्यंत ओसरतात. पण ओसरण्याआधी त्या वाढतात, आणि सगळ्यात झपाट्याने पहिल्या दोन महिन्यांत. आम्हाला थांबायला सांगितलं ते नेमके उपचाराचे आठवडे होते.

गाठ कुठे आहे यावर सगळं ठरतं. पापणीवर असेल तर झाकल्या डोळ्याची नजर घडतच नाही. हनुवटी-जबड्यावर पसरली असेल तर श्वासनलिकेतही असू शकते. श्वास घेताना घरघर ऐकू आली तर एक दिवसही थांबू नये. ओठावरची किंवा लंगोटाच्या जागची चिघळते, बाळ दूध ओढताना कळवळतं. पाच किंवा जास्त असतील तर यकृतातही असू शकतात, म्हणून यकृताची सोनोग्राफी हवी.

उपचार आहे, आणि औषध जुनंच आहे. हृदयविकारासाठी दिलेल्या प्रोप्रॅनोलॉलने अशा गाठी विरतात हे फ्रान्समधल्या बोर्दोच्या डॉक्टरांना योगायोगाने दिसलं. 2008 साली त्यांनी ते जगापुढे मांडलं. डोस वजनावर ठरतो आणि दूध पाजूनच द्यावा लागतो, नाहीतर बाळाची साखर उतरते. नाडीही मंदावू शकते, म्हणून ते घरच्या घरी सुरू करण्याचं औषध नव्हे. माझ्या मुलीला पहिला डोस दिला तेव्हा तिच्या पायाच्या अंगठ्याला वायर लावून दोन तास नाडी मोजत होते. दुसऱ्या दिवशी गाठ बोटाला मऊ लागली. साडेतीन महिने उलटून गेले होते.

जन्मतःच दिसणारा सपाट, गुलाबी-जांभळा डाग, पोर्ट वाइन स्टेन, वेगळा. तो ओसरत नाही. कपाळावर किंवा वरच्या पापणीवर असेल तर काचबिंदू आणि फिट्सचा धोका असतो. त्यावरच्या लेसरला अजूनही कुणी 'सौंदर्योपचार' म्हटलं की मला राग येतो.

अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने 2019 मध्येच सांगितलंय, धोक्याच्या जागी गाठ असेल तर बाळ महिन्याचं होईतो तज्ज्ञांकडे पोचावं. म्हणून एवढंच मागते: बाळाच्या पहिल्या घरभेटीच्या आणि लसीकरणाच्या कार्डावर एक ओळ छापा, 'अंगावर लाल डाग आहे का? कुठे? वाढतोय का?' उत्तर होकारार्थी असेल तर त्याच दिवशी मोबाइलवरचा फोटो तज्ज्ञांकडे जाईल आणि आठवड्याच्या आत बाळ तपासलं जाईल, अशी सोय करा.

माझी मुलगी आता तीन वर्षांची आहे. गाठ जवळजवळ गेली. झाकल्या गेलेल्या डोळ्याला बघायची सवय लागावी म्हणून रोज दोन तास तिच्या चांगल्या डोळ्यावर पट्टी लावावी लागते, ती उपटून काढते, रडते. दहाव्या दिवसापासूनचे तिचे फोटो माझ्याकडे तारखांसह आहेत. नर्सबाईंच्या प्रशिक्षणात दाखवायला हवे असतील तर सगळे देते.

आपली,
एक आई