अर्ध्या सुताची नळी

टॅम्पा, फ्लोरिडा

प्रिय मित्रा,
सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र येऊन दीड महिना होऊन गेला. उत्तराला उशीर झाला, कारण हातातले काम एका टप्प्यावर आल्याशिवाय त्याविषयी लिहू नये असे मनात होते. तू विचारले होतेस की बाजारात मोटारींच्या प्रतिकृतींचे तयार संच मिळत असताना मी वर्षभर रात्री जागून पितळेच्या नळ्या का कापतो आहे. डिप्लोमाच्या वर्कशॉपमध्ये कानस कशी धरावी हे मला तूच शिकवलेस, तेव्हा या प्रश्नाचे नीट उत्तर मिळण्याचा हक्क तुझ्याइतका कोणाचाच नाही.

मी जी गाडी घडवतो आहे ती डॉन गार्लिट्स यांची 'स्वॅम्प रॅट १४' आहे. गार्लिट्स याच टॅम्पा शहरात १९३२ साली जन्मले आणि आपल्या शर्यतीच्या गाड्या त्यांनी आयुष्यभर स्वतः बांधल्या. ड्रॅग शर्यत म्हणजे सरळ रस्त्यावर, थांबलेल्या स्थितीतून, त्या काळी पाव मैल म्हणजे ४०२ मीटर अंतर सर्वांत कमी वेळात कापणे. त्यासाठीच्या लांबलचक गाड्यांमध्ये इंजिन पुढे असे आणि चालक त्यामागे, थेट मागच्या चाकांच्याही मागे, गोफणीतल्या दगडासारखा बसे. म्हणून त्या गाड्यांना 'स्लिंगशॉट' म्हणत. इंजिन फुटले, तेल उडाले किंवा आग लागली, तर ते सगळे चालकाच्या तोंडावर येई.

८ मार्च १९७० रोजी कॅलिफोर्नियात लाँग बीचजवळच्या लायन्स ड्रॅग स्ट्रिपवर गार्लिट्स यांच्या 'स्वॅम्प रॅट १३'चा गिअरबॉक्स शर्यत सुरू होतानाच फुटला. तो त्यांनी स्वतःच बनवलेला होता. त्याच्या तुकड्यांनी गाडी मधोमध तुटली आणि त्यांच्या उजव्या पावलाचा पुढचा भाग गेला. रुग्णालयाच्या खाटेवर पडल्या पडल्या त्यांनी ठरवले की पुढच्या गाडीत इंजिन आपल्या पाठीमागे असेल. असे प्रयत्न इतरांनी आधी केले होते, पण त्या गाड्या सरळ धावत नसत आणि बहुतेकांनी तो नाद सोडला होता. गार्लिट्स यांनी कॉनी स्विंगल आणि टी. सी. लेमन्स या साथीदारांबरोबर मागे इंजिन असलेली 'स्वॅम्प रॅट १४' बांधली आणि १९७१ साली पोमोनाची विंटरनॅशनल्स ही शर्यत जिंकली. त्यानंतर थोड्याच वर्षांत सर्वोच्च वर्गातून पुढे इंजिन असलेल्या गाड्या नाहीशा झाल्या.

मला जी गोष्ट प्रतिकृतीत दाखवायची आहे ती एवढीच: माणूस पुढे आणि आग मागे. संचातल्या गाडीत सांगाड्याच्या नळ्या प्लास्टिकच्या, जाड आणि साच्याच्या शिवणी असलेल्या असतात. त्या पाहून हा पिंजरा कोणाचा तरी जीव वाचवण्यासाठी वाकवला आणि जोडला होता, असे पाहणाऱ्याला वाटत नाही. म्हणून सगळे मुळापासून घडवायचे ठरवले.

प्रमाण १/२५ घेतले. अमेरिकेत मोटारींच्या प्रतिकृतींचे हे रूढ प्रमाण आहे, आणि आपल्यासारख्यांना त्यात एक मोठी सोय आहे, कारण एक इंच म्हणजे २५.४ मिलिमीटर, त्याला २५ ने भागले की उरतो जवळजवळ नेमका एक मिलिमीटर. दोनशे इंचांहून लांब असलेली ही गाडी माझ्या टेबलावर दोनशे मिलिमीटरांहून थोडी लांब होते, आणि खऱ्या गाडीची दीड इंची नळी दीड मिलिमीटरची होते. इकडे छंदाच्या दुकानात १/१६ इंचाची, म्हणजे तुझ्या भाषेत अर्ध्या सुताची, पितळी नळी मिळते. ती १.५९ मिलिमीटर भरते. फरक माणसाच्या केसाएवढा आहे, तो मी मान्य केला.

ओकाला येथील गार्लिट्स यांचे संग्रहालय माझ्या घरापासून दोन तासांच्या आत आहे. मी तिथे तीनदा जाऊन आलो. ती गाडी तिथे उभी आहे. मी तिची शक्य तितकी सरळ समोरून, बाजूने आणि वरून छायाचित्रे घेतली, माहीत असलेल्या मापांवरून उरलेली मापे काढली आणि प्रतिकृतीच्याच आकाराचा आराखडा कागदावर उतरवला. हा आराखडा प्लायवूडच्या फळीवर चिकटवून त्यावर बारीक खिळे ठोकले आणि नळ्या त्या खिळ्यांमध्ये अडकवून जोडायला घेतल्या. तू ग्रिलच्या कामाला तुकडे जागच्या जागी धरणारा जिग करतोस तसाच हा जिग, फक्त तळहाताच्या मापाचा.

झाळकामाने माझी परीक्षा पाहिली. नळीला नळी काटकोनात नुसती टेकवली तर जोड टिकत नाही. टेकणाऱ्या तोंडाला गोल कानशीने माशाच्या तोंडासारखी अर्धगोल खाच घ्यावी लागते, म्हणजे ती दुसऱ्या नळीला मिठी मारून बसते. खऱ्या सांगाड्यात क्रोममॉली (क्रोमियम आणि मॉलिब्डेनम मिसळलेल्या) पोलादाच्या नळ्याही अशाच खाचून वेल्ड करतात. चालकाभोवतीच्या पिंजऱ्यात एकाच ठिकाणी चार नळ्या येतात, आणि चौथा जोड देताना आधीचे तीन वितळून सुटतात. माझा पहिला पिंजरा असा दोनदा सुटला आणि तिसऱ्यांदा वाकडा बसला. तो मी फेकून दिला. दुसऱ्या पिंजऱ्याच्या वेळी प्रत्येक तयार जोडावर ओला कापूस दाबून ठेवला, कमी तापमानाला वितळणारे सोल्डर शेवटच्या जोडांसाठी राखले आणि सोल्डरिंग आयर्न एका क्षणापेक्षा जास्त टेकवला नाही. तो पिंजरा टिकला. आता तो बोटांत धरून पिळला तरी हलत नाही, आणि कानशीने उरलेले सोल्डर काढल्यावर जोड खऱ्या वेल्डसारखा बारीक दिसतो.

इंजिन क्रायस्लरचे हेमी, ४२६ घन इंचांचे. ते मी प्लास्टिकच्या पातळ पत्र्याचे थर चिकटवून, मग घासून घडवले. हेमीची झाकणे रुंद असतात, कारण प्रत्येक सिलिंडरचा स्पार्क प्लग अर्धगोल ज्वलनकक्षाच्या मध्याजवळ बसतो आणि त्याची तार झाकणाच्या मधल्या भोकातून आत जाते. मॅग्नेटोपासून, म्हणजे ठिणगीसाठी वीज देणाऱ्या यंत्रापासून, निघणाऱ्या आठ तारांसाठी मी मोटर वाइंडिंगची ०.३ मिलिमीटरची तार वापरली आणि प्रत्येक तार तिच्या खऱ्या सिलिंडरलाच नेली. वर बसणारा, इंजिनात हवा कोंबणारा ब्लोअर ही मला या यंत्रातली सर्वांत सुंदर वस्तू वाटते. ६-७१ जातीचा हा ब्लोअर जनरल मोटर्सच्या दोन-स्ट्रोक डिझेल इंजिनांसाठी बनलेला होता. नावातला ६ सिलिंडरांचा, ७१ प्रत्येक सिलिंडरच्या घन इंचांचा. ट्रक आणि बस यांना श्वास देणारे हे यंत्र शर्यतवाल्यांनी उचलून पेट्रोल आणि मग नायट्रोमेथेन या शर्यतीच्या इंधनावर चालणाऱ्या इंजिनांवर बसवले. नायट्रोमेथेनच्या रेणूत ऑक्सिजन असतो, म्हणून पेट्रोलच्या एका भागाला पूर्ण जळण्यासाठी सुमारे १४.७ भाग हवा लागत असताना याला १.७ भाग पुरते. तेवढ्याच हवेत कितीतरी जास्त इंधन जळते, ताकदही तशीच वाढते आणि फुटण्याचा धोकाही.

एक्झॉस्टच्या आठ वळलेल्या नळ्यांसाठी मी जाड सोल्डरची तारच वळवली. ती मऊ असल्याने चपटी न होता वळते, आणि तोंडे बारीक ड्रिलने पोखरली की पोकळ दिसतात.

आता ज्या भागासाठी हे पत्र लांबले त्याकडे येतो. इंजिन मागे गेल्यावर सुरुवातीच्या चाचण्यांत गाडी इकडेतिकडे भिरकावली जात होती. स्लिंगशॉटमध्ये चालक अगदी मागच्या टोकाला बसत असल्यामुळे मागचा भाग घसरू लागला की त्याला कमरेतून लगेच कळत असे. पुढे बसल्यावर ते उशिरा कळते, आणि मग तो गरजेपेक्षा जास्त स्टिअरिंग फिरवतो. उपाय साधा निघाला: स्टिअरिंग मंद करणे, म्हणजे चालकाने बरेच फिरवावे तेव्हा पुढचे चाक थोडेसे वळावे. मी माझ्या प्रतिकृतीत स्टिअरिंग हलते ठेवले आहे. पहिल्यांदा स्टिअरिंगच्या पेटीवरची दांडी आणि पुढच्या चाकाजवळची दांडी सारख्या लांबीच्या केल्या होत्या, तेव्हा सुकाणूला नखाचा स्पर्श झाला तरी पुढची चाके फटकन वळत. मग पेटीवरची दांडी निम्मी केली, चाकाजवळची तशीच ठेवली. आता सुकाणू पुष्कळ फिरवले तरी चाके जेमतेम हलतात. त्या रात्री मी बराच वेळ नुसता सुकाणू फिरवत बसलो होतो. पावलाचा पुढचा भाग गमावलेल्या माणसाने ज्या एका अडचणीवर ही गाडी सोडून द्यायची की नाही याचा विचार केला असेल, ती अडचण माझ्या दोन बोटांत होती.

रंग काळा दिला आहे, पण चकाकता ठेवलेला नाही. प्रदर्शनात अशा गाड्या आरशासारख्या पॉलिश करतात, ते मला पटत नाही. मला ती शर्यतीच्या दिवसाची हवी आहे: एक्झॉस्टच्या नळ्या तापून पिवळसर आणि निळसर जांभळ्या झालेल्या, मागच्या टायरांवर पॉलिश पेपरने आणलेला रबर घासल्याचा राखी रंग. टायर मी सिलिकॉनच्या साच्यात काळ्या रेझिनचे ओतले आहेत.

उरले ते मागचे रिम, आणि इथे मला तू हवा आहेस. माझ्याकडे लेथ नाही आणि हाताने केलेला रिम फिरवला की डोलतो. मूळ रिम १६ इंच व्यासाचा, म्हणजे आपला १६.२५ मिलिमीटर, रुंदी आणि कडेची जाडी सोबतच्या आराखड्यात आहे. ॲल्युमिनियमच्या २० मिलिमीटरच्या सळईतून दोन काढून देशील का? कड ०.४ मिलिमीटरपेक्षा जाड झाली तर ती डोळ्यांना खुपेल, तेव्हा शेवटचा कट अगदी हलका घे. तुझ्या कारखान्यातला जुना, लहान लेथ अजून अचूक चालतो असे तू लिहिले होतेस, त्याच्यावरच कर. पृष्ठभागावर टूलच्या बारीक रेषा राहिल्या तरी पॉलिश करू नकोस; खऱ्या रिमवरही त्या असतात.

वहिनींना नमस्कार आणि मुलांना आशीर्वाद. आराखड्याच्या दोन प्रती पाठवत आहे, एक वर्कशॉपमध्ये तेलात भिजेल हे धरून.

तुझाच,
डिप्लोमाचा बाकमित्र