मालवणच्या प्रवाळावर नांगर नको, बोया हवा

प्रति,
माननीय वनमंत्री, महाराष्ट्र राज्य
यांस पुण्याहून सादर नमस्कार.

यंदा दिवाळीनंतर स्वारगेटहून रात्रीच्या गाडीने मालवण गाठलं आणि किल्ल्याजवळच्या खडपावर स्नॉर्केलिंगला उतरलो. तोंड पाण्याखाली गेलं की होडीवरचा गलका थांबतो. मग कढईत मोहरी तडतडावी तसा आवाज येऊ लागतो. तो कपारींतल्या चिमुकल्या कोळंब्यांच्या नांग्यांचा. पोपटमासा चोचीने खडकावरचं शेवाळ खरवडत होता, तेही कटकट ऐकू येत होतं. खबदाडीत लांब काळे काटे रोखून सी अर्चिन बसलेला. आणि प्रवाळ! दिसायला दगड, प्रत्यक्षात असंख्य इवल्या प्राण्यांची चाळ. घुमटासारखं वाढणारं प्रवाळ वर्षाला जेमतेम सेंटिमीटरभर वाढतं, म्हणजे कलिंगडाएवढा गोळा ही दहा-बारा वर्षांची कमाई.

असाच एक गोळा बघत असताना वरून दुसऱ्या होडीचा नांगर आला. गोळ्याची कड निखळली, आत पांढरंफटक.

साहेब, १९८७ साली इथे सागरी अभयारण्य जाहीर झालं, सुमारे २९ चौरस किलोमीटरचं. ताडोबात कुणी वाघाच्या पिल्लांवर जिप्सी घातली तर काय होईल, हे आपल्याला सांगायला नको. होडीवाल्याचा मला राग नाही. त्याचं पोट त्यावर आहे, आणि होडी बांधायला तिथे दुसरं काही नव्हतं. वाळूच्या तळावर काँक्रीटचा ठोकळा, त्याला साखळी, वर तरंगता बोया. होडी आली की दोर बांधायचा. एवढंच काम आहे. पावसाळ्यात पर्यटन बंद असतं. जागा आताच होडीवाल्यांना सोबत घेऊन ठरवाव्यात, कारण कुठे वाळू आणि कुठे खडप हे त्यांच्याइतकं कुणालाच ठाऊक नाही. बोये पुढच्या ऑक्टोबरआधी पाण्यात हवेत.

दुसरं, ब्रेड. फोटोत मासे यावेत म्हणून पाण्यात ब्रेड कुस्करतात. काळ्या-पिवळ्या पट्ट्यांचे मासे झुंडीने येतात, फोटो झकास येतो. शेवाळ खाऊन प्रवाळ मोकळं ठेवणाऱ्या माशांना पाव कशाला? तिकिटाबरोबरच मनाईची सूचना द्यावी, मराठीत आणि ठसठशीत.

आपला,
एक पुणेकर

ता. क. – पाच वर्षांपूर्वी ब्रेडचा पुडा मीही नेला होता. पुण्याहूनच.