बॉब डिलन : आवाजावर निकाल देण्याआधी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

अमेरिकन गायक-गीतकार बॉब डिलनच्या थोरपणावर आपल्या वाचकपत्रांत सध्या जी चर्चा रंगली आहे, तिच्यात आवाजाचा मुद्दा सगळ्यांत जोरात मांडला गेला. नाकातून गाणारा, सुराला कच्चा माणूस साठ वर्षांनंतरही थोर कसा, असा एका पत्राचा रोख होता. दुसऱ्या पत्रलेखकाने डिलनची बाजू घेतली खरी, पण ‘आवाज सोडा, शब्द बघा’ अशी. मला दोन्ही म्हणणी पटत नाहीत आणि दुसरे तर जास्त खटकते. डिलनचे शब्द आवाजापासून सोडवून कागदावर वाचले तर निम्मे गाणे हातातून निसटते. थोरपण ठरवायचेच असेल तर ते त्याच आवाजात शोधावे लागेल.

हा आवाज जन्मजात तसा होता, बिचाऱ्याचा नाइलाज होता, हा समज आधी काढून टाकू. 1941 साली अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात डुलुथला जन्मलेला आणि हिबिंग या लोहखनिजाच्या गावात वाढलेला हा मुलगा 1961 च्या जानेवारीत न्यूयॉर्कला आला. त्याच वर्षी नोव्हेंबरात त्याने पहिली रेकॉर्ड ध्वनिमुद्रित केली. वय वीस. ऐकताना मात्र उन्हातान्हात राबलेला साठीचा माणूस गातोय असे वाटते. लोकगायक वुडी गथ्री आणि जुने ब्लूज गायक यांच्या गाण्यावरून त्याने तो आवाज घडवला होता. पुढे 1969 च्या ‘नॅशव्हिल स्कायलाइन’मध्ये हाच माणूस गोल, मऊ, भावगीताच्या अंगाने गातो. खात्री करायची असेल त्यांनी त्यातले ‘ले लेडी ले’ आणि 1965 चे ‘लाइक अ रोलिंग स्टोन’ पाठोपाठ लावावे. गायक एकच आहे हे पटायला वेळ लागतो. 1980 साली रॉक गायनासाठीचे ग्रॅमी त्याला मिळाले, तेही गीतलेखनासाठी नाही, गाण्यासाठी. तेव्हा आवाज त्याच्या हातात होता आणि कुठल्या गाण्याला कोणता लावायचा हे तो ठरवत होता, असे म्हणायला जागा आहे. 1997 नंतरचा घोगरेपणा वयाचा आहे, पण त्याचाही त्याने वापर करून घेतला.

तो आवाज काय काम करतो, ते एका गाण्यात जवळून पाहू. फेब्रुवारी 1963 मध्ये बाल्टिमोरच्या एका हॉटेलात हॅटी कॅरोल या 51 वर्षांच्या कृष्णवर्णीय कामगार स्त्रीला एका श्रीमंत तरुण जमीनदाराने खेळण्यातल्या छडीने मारले आणि काही तासांत ती मेंदूतील रक्तस्रावाने गेली. 28 ऑगस्ट 1963 ला त्याला सहा महिन्यांची शिक्षा झाली. त्याच दिवशी वॉशिंग्टनला मार्टिन ल्यूथर किंग यांचे प्रसिद्ध भाषण झाले आणि त्या मोर्चात डिलनही गायला होता. या प्रकरणावरचे त्याचे ‘द लोन्सम डेथ ऑफ हॅटी कॅरोल’ हे गाणे 1964 च्या रेकॉर्डवर आले. चाल दादऱ्यासारखी, तीन-तीन मात्रांची, एका गिटारीवर आणि माउथ ऑर्गनवर.

तिसऱ्या कडव्यात हॅटीचे काम सांगताना सलग तीन ओळी ‘टेबल’ याच शब्दावर संपतात. यमकाची जाण असलेला मराठी वाचक इथे लगेच दोष काढेल. सुरेश भटांच्या गावात-शहरात वाढलेल्या आपल्याला गझलेतली रदीफ, म्हणजे ओळीशेवटी पुन्हा पुन्हा येणारा तोच शब्द, ठाऊक आहे. पण रदीफेच्या आधी काफिया, म्हणजे यमकाचा शब्द, बदलत जातो, इथे तोही नाही. नुसते टेबल, टेबल, टेबल. आता ऐकून पाहा. प्रत्येक वेळी डिलन तो शब्द जरासा ओढतो आणि तिथेच टाकून देतो, वर उचलत नाही. रोज तेच टेबल पुसणाऱ्या बाईचा दिवस त्या टाकून देण्यात आहे. गोड गळ्याच्या गायकाने तिन्ही ‘टेबल’ सुरेल लावली तर ओळ सुंदर होईल आणि बाई नाहीशी होईल. शेवटच्या कडव्यात न्यायालयाची थोरवी, न्यायाधीशांचा हातोडा, कायद्यापुढची समानता असे सगळे चढत जाते आणि मग सहा महिन्यांची शिक्षा येते. तिथे डिलन आवाज चढवत नाही. ध्रुवपदात तीन वेळा ‘रडण्याची वेळ अजून आलेली नाही’ अशा अर्थाचे सांगून झालेले असते, चौथ्या वेळी ती वेळ आली असे तो सांगतो. आणखी एक गोष्ट बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही: संपूर्ण गाण्यात हॅटी कोणत्या वर्णाची होती हे एकदाही म्हटलेले नाही. दीक्षाभूमीच्या शहरातल्या श्रोत्याला ते सांगावेही लागणार नाही. तात्कालिक घटनांवरची गाणी शिळी होतात असा आक्षेप एका पत्रात होता. हे गाणे मी त्या आक्षेपापुढे ठेवतो.

आता दमसासाबद्दल. ‘अ हार्ड रेन्स अ-गॉना फॉल’ हे गाणे ‘लॉर्ड रँडल’ या जुन्या पोवाडेवजा लोकगीताच्या सवाल-जवाबावर बेतलेले आहे. प्रत्येक कडव्यात आधी मुलाला प्रश्न आणि मग त्याची उत्तरे. उत्तरांच्या ओळी मोजून पाहा: पाच, सात, सात, सहा आणि शेवटच्या कडव्यात बारा. चाल तीच, पण उत्तरांची एक छोटी ओळ-चाल पुन्हा पुन्हा फिरत राहते आणि सांगायचे संपल्याशिवाय गाणे ध्रुवपदावर येत नाही. शेवटच्या कडव्यात आता येईल, आता येईल म्हणताना बारा ओळी जातात, हा ताण चालीने उभा केलेला आहे. म्हणून गाणाऱ्याची खरी परीक्षा तिथे. पहिल्या चार कडव्यांत जोर खर्च केला तर पाचव्यात दम पुरत नाही आणि बहुतेक जण तिथे ओळी गाळतात किंवा लय पळवतात. 10 डिसेंबर 2016 ला स्टॉकहोमच्या नोबेल समारंभात पॅटी स्मिथ यांनी हेच गाणे म्हटले; त्या मध्येच अडखळल्या, माफी मागून पुन्हा सुरू झाल्या. इतक्या अनुभवी गायिकेची ही गत, तर गाणे सोपे नाही एवढे मान्य व्हावे.

याच गाण्याबद्दल एक दुरुस्तीही करायला हवी. ते क्युबाच्या क्षेपणास्त्र संकटावर लिहिले असे आपल्याकडच्या पत्रांत छापून आले. ते संकट ऑक्टोबर 1962 चे. डिलनने हे गाणे सप्टेंबरातच कार्नेगी हॉलमध्ये गायले होते. संकट नंतर आले आणि लोकांनी ते गाण्यात वाचले.

प्रश्न विचारत नेण्याची ही रीत विदर्भाला परकी वाटायचे कारण नाही. गाडगेबाबांचे कीर्तन हे सगळे प्रश्नांवर चालायचे. समोरच्याकडून उत्तर काढून घेतल्याशिवाय बाबा पुढे सरकत नसत. त्यांच्या आवाजाला कोणी ख्यालाची कसोटी लावली नाही. तुकडोजी महाराजांच्या खंजिरीवरच्या भजनांनाही लावली नाही. ‘ब्लोइंग इन द विंड’मध्ये तीन कडव्यांत नऊ प्रश्न आहेत आणि उत्तर एकच, तेही हातात न येणारे. त्याची चाल गुलामगिरीच्या काळातल्या ‘नो मोअर ऑक्शन ब्लॉक’ या गाण्यावरून आलेली आहे.

हे गाणे गिटार शिकणाऱ्या मुलांना आपल्याकडे सुरुवातीलाच देतात, म्हणून दोन शब्द त्यांच्यासाठी. रेकॉर्डवर डिलनने कॅपो (गिटारीच्या दांडीवर तारा दाबून धरणारा चिमटा) सातव्या फ्रेटवर लावून बोटे जी, सी, डी कॉर्डची धरली आहेत, पण ऐकू येते ती पट्टी डी. मुले बोटे पाहून जीचा माउथ ऑर्गन घेतात आणि रेकॉर्डबरोबर वाजवायला गेले की सूर भांडतात. कॅपो सातवर असेल तर डीचा, कॅपो काढून गायचे असेल तर जीचा, असा साधा नियम. दहा भोकांचा डायटॉनिकच, म्हणजे एकाच पट्टीचा माउथ ऑर्गन, घ्यावा. दुकानात सहज मिळणाऱ्या चोवीस भोकांच्या ट्रेमोलोचा सूर थरथरतो आणि या गाण्याला तो लागत नाही. दुसरी चूक म्हणजे नाक दाबून गाणे. डिलनची नक्कल नाकाने होत नाही; शब्दाच्या शेवटचे व्यंजन तो किती स्पष्ट सोडतो आणि वजन ठोक्याच्या आधी-नंतर कुठे टाकतो ते ऐकावे. तिसरी चूक साथीची. एकट्याने गायलेल्या त्याच्या सुरुवातीच्या रेकॉर्डमध्ये दोन ओळींमधली जागा सारखी नसते, कधी दोन मात्रा जास्त, कधी कमी. ठरलेल्या तालात कहोन (पेटीसारखे तालवाद्य) किंवा तबला लावला की वाजवणारा सम चुकतो आणि दोष गायकावर जातो. साथ घ्यायचीच असेल तर आधी मात्रा मोजून ओळी समान करून घ्याव्यात, किंवा साथच घेऊ नये.

‘इतरांनी गायली तेव्हाच त्याची गाणी गाजली’ हा आक्षेप अर्धा खरा आहे. 1963 साली पीटर, पॉल अँड मेरी यांनी ‘ब्लोइंग इन द विंड’ घरोघरी नेले. 1965 मध्ये बर्ड्स या बँडने ‘मिस्टर टॅम्बोरिन मॅन’ पहिल्या क्रमांकावर नेले, पण चारपैकी एकच कडवे ठेवून. जिमी हेंड्रिक्सचे 1968 चे ‘ऑल अलाँग द वॉचटॉवर’ इतके जबर होते की पुढे डिलन स्वतःच त्या वळणाने गाऊ लागला. पण यावरून गीतकार कमी कसा ठरतो? भटांच्या गझला लता मंगेशकरांनी आणि आशा भोसल्यांनी गायल्या म्हणून भटांचे काही कमी झाले नाही.

नोबेलबद्दल थोडक्यात. 13 ऑक्टोबर 2016 ला ते जाहीर झाल्यापासून ‘गाणे म्हणजे साहित्य का’ हा वाद आहे. ओवी, अभंग, पोवाडा, लावणी यांवर उभ्या राहिलेल्या भाषेत तो वाद मला समजत नाही. 1913 साली ज्या रवींद्रनाथांना ते मिळाले, त्यांनीही गाणीच रचली होती.

व्हॉट्सॲपवर फिरणारी 13 जुलै 1985 ची ‘लाइव्ह एड’ची चित्रफीत मात्र पुरावा म्हणून वापरू नये. ती वाईट आहे, वादच नाही. पण डिलनसह तिघे गिटारवादक पडद्यापुढे उभे होते, मागे शेवटच्या समूहगीताची तयारी चालू होती आणि मंचावर स्वतःचा आवाज ऐकू येण्याची सोय नव्हती. त्यात डिलनच्या गिटारीची तार तुटली. स्वतःचा सूर कानावर येत नसेल तर कोणाचाही सूर जातो. त्याच मंचावर त्याने जमलेल्या निधीतला थोडा भाग अमेरिकेतल्या शेतकऱ्यांच्या कर्जफेडीसाठी द्यावा असे म्हटले. दुष्काळग्रस्त इथिओपियासाठीच्या कार्यक्रमात ते बोलणे अनेकांना रुचले नाही. पण त्यातूनच सप्टेंबर 1985 मध्ये शेतकऱ्यांसाठी ‘फार्म एड’ सुरू झाले. विदर्भातल्या वाचकाने एवढे तरी लक्षात ठेवावे.

सगळेच चांगले आहे असे मी म्हणत नाही. 1986 चे ‘नॉक्ड आउट लोडेड’ आणि 1988 चे ‘डाउन इन द ग्रूव्ह’ ही सरळ कमकुवत कामे आहेत. 1988 पासून तो जवळपास सतत दौऱ्यावर असतो आणि मंचावर चाली इतक्या बदलतो की दुसरी ओळ येईपर्यंत गाणे ओळखू येत नाही. तिकीट काढून गेलेल्याचा हिरमोड होतो, आणि ती तक्रार रास्त आहे. उलट मार्च 2020 चे, केनेडींच्या हत्येवरचे जवळजवळ सतरा मिनिटांचे ‘मर्डर मोस्ट फाउल’ ऐका. तेव्हा तो 78 वर्षांचा होता. ताल नावापुरता, पियानो आणि व्हायोलिन मागे तरंगणारे, आणि तो फाटका आवाज गाणे आणि बोलणे यांच्या मधोमध चाललेला. अशा आवाजाशिवाय ते गाणे सतरा मिनिटे धरून ठेवता आले नसते.

खरा गंभीर आक्षेप कोणत्याच पत्रात आला नाही, तो मीच मांडतो. 2001 च्या ‘लव्ह अँड थेफ्ट’मध्ये जपानी लेखक जुनिची सागा यांच्या पुस्तकाच्या इंग्रजी भाषांतराशी मिळत्याजुळत्या ओळी आहेत, 2006 च्या ‘मॉडर्न टाइम्स’मध्ये एकोणिसाव्या शतकातले कवी हेन्री टिमरॉड यांच्या. जुनी चाल घेऊन नवे गाणे बांधणे लोकसंगीतात चालते, शाहिरीतही चालते. पण ओळ घेणे वेगळे, आणि डिसेंबर 2020 मध्ये सहाशेहून अधिक गाण्यांचे हक्क युनिव्हर्सल कंपनीला विकले गेल्यावर तर ते आणखी वेगळे, कारण मालकी सांगितल्याशिवाय विक्री होत नाही. सागा यांनी तक्रार केली नाही हे खरे, पण त्याने प्रश्न मिटत नाही. पुढच्या आवृत्त्यांच्या वेष्टनावर ही दोन नावे छापावीत, ही मागणी डिलनच्या टीकाकारांनी नाही, आम्हा चाहत्यांनीच लावून धरायला हवी.

आपला,
एक वाचक,
धरमपेठ, नागपूर