बाबा, तुमची जागा पुढे माझ्या शेजारी

ती. बाबा आणि आई यांना साष्टांग नमस्कार.

तुळशीचं लग्न आटोपलं की गोकर्णाला जायचं नक्की. पण परवा फोनवर बाबा म्हणाले, "माझी पाठ धरते, मी आपला मागे कॅराव्हॅनमध्येच आडवा होतो." तेव्हा घाईत नीट बोलता आलं नाही, म्हणून लिहिते. बाबा, कॅराव्हॅन म्हणजे गाडीच्या हुकाला जोडून मागून ओढायची चाकांवरची खोली. गाडी चालू असताना तिच्यात कुणीच बसायचं नाही. तुम्ही पुढे, पाठीला उशी घेऊन, पट्टा बांधून. वाटेत हवं तेवढं थांबू. थांबलो की खुशाल पलंगावर पडा.

तिथे पट्टा नाही, भिंतीही हलक्या. पण खरं कारण वजनाचं. कॅराव्हॅनच्या भरलेल्या वजनाच्या साधारण ५ ते ७ टक्के भार पुढे हुकावर दाबून बसलेला असावा लागतो. आपली भरून ९०० किलो धरली तर ४५ ते ६३ किलो. तो मी घरच्या वजनकाट्यावरच मोजते. काट्यावर लाकडाचा ठोकळा उभा करायचा, त्यावर कप्लिंग, म्हणजे हुकावर बसणारं कॅराव्हॅनचं पुढचं टोक, टेकवायचं आणि आकडा वाचायचा. आता तुमचं ७० किलो वजन चाकांच्या मागच्या पलंगावर गेलं, तर हुकावरचा भार उचलला जाणार. शेपूट जड झालं की कॅराव्हॅन डावी-उजवीकडे झोके घेते, आणि झोके वाढले तर पुढची गाडीही तिच्यामागे फरफटते. उतारावर, नाहीतर शेजारून एखादी बस सुसाट गेली की हे पटकन सुरू होतं. तसं झालंच तर ॲक्सिलरेटर सोडायचा, स्टिअरिंग सरळ धरायचं आणि वेग आपोआप उतरू द्यायचा. करकचून ब्रेक मारला की संपलं.

आई, म्हणून तुझ्या सामानावरही माझा डोळा आहे. उकड्या तांदळाची पिशवी, नारळ, कुकर, पाण्याचे कॅन, जे जे जड ते कॅराव्हॅनमध्ये जिथे खाली चाकं येतात त्या जागी, फरशीवरच, दोरीने आवळून. वरच्या कपाटात फक्त चादरी, कपडे आणि तुझे पापड. नारळ सुटे नकोतच, गडगडत मागे गेले तर सगळी मोजणी फुकट. निघताना सिलिंडर बंद म्हणजे बंद. चहा थांबल्यावर.

फोंड्याहून बोरीच्या पुलावरून मडगाव आणि पुढे ६६ नंबरचा हायवे. मला विचाराल तर लक्ष द्यायची जागा एकच, काणकोणच्या अलीकडचा करमल घाट. दोन्हीकडे झाडी, वळणापलीकडचं काही दिसत नाही आणि समोरून ट्रक येतात. वळताना कॅराव्हॅनची चाकं गाडीच्या चाकांपेक्षा आतून जातात, म्हणून गाडी जरा पुढे नेऊन मगच वळवावी लागते, तीही आपली बाजू न सोडता. उतार लागायच्या आधीच खालचा गिअर टाकते. ब्रेकवर पाय ठेवून उतरलं तर ब्रेक तापतात आणि नेमके वळणावर धरत नाहीत. मागे गाड्यांची रांग लागली की रुंद जागा बघून बाजूला घेईन, तेव्हा "का थांबलीस" म्हणू नका. पुढे चार रस्ता नावाच्या नाक्यावर बगलमार्ग धरला की काणकोणच्या बाजारात शिरायला नको.

बाबा, तुमच्यासाठी कामं आहेत. निघायच्या आधी मागे उभं राहून इंडिकेटर आणि ब्रेक लाईट लागतात का ते ओरडून सांगायचं. हुकाजवळ एक बारीक पोलादी तार असते. हूक सुटलाच तर ती कॅराव्हॅनचा ब्रेक ओढते. ती गाडीच्या पक्क्या भागात अडकवली आहे का, खाली घासत नाही ना, हे मात्र मीच बघेन. तुम्ही वाकायचं नाही. मुक्कामाला मी रिव्हर्स घेईन तेव्हा आरशात मला दिसाल असे उभे राहा. तुम्हाला आरशात माझा चेहरा दिसत नसेल, तर मलाही तुम्ही दिसत नाही. अशा वेळी मी गाडी हलवणार नाही. रिव्हर्सला मी हात स्टिअरिंगच्या तळाशी धरते. हात डावीकडे नेला की कॅराव्हॅनचं शेपूट डावीकडे जातं. बघताना उलटं वाटेल, पण तेच बरोबर असतं.

रात्रीचा प्रवास नाही. पहाटे उजाडलं की निघू, म्हणजे उजेडातच पोचू.

आई, काय काय घेणार त्याची यादी आठवडाभर आधी कळव. मी आदल्या दिवशी येऊन सगळं भरीन आणि तुमच्यासमोर काट्यावर मोजून दाखवीन.

तुमची,
बाय