प्रश्नातला ‘ना’ काढून टाक

बर्मिंगहॅम,
मे महिना

चि. वैष्णवीस अनेक आशीर्वाद.

बी.एस्सी. नर्सिंगनंतर मानसोपचार विषय घेऊन शिक्षक व्हायचं तर काय करावं लागतं, आणि असे शिक्षक संशोधन तरी कशावर करतात, असं तू विचारलंस. नीट लिहिते. दादा-वहिनींनाही वाचून दाखव, ‘पोरगी पागलखान्यात नोकरी करणार का’ याचा त्यांना घोर लागलाय. त्यांना सांग, २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने रुग्णाला साखळीने बांधायला आणि भूल न देता विजेचे झटके द्यायला बंदी आहे. तो कायदा वॉर्डात पाळला जातो की नाही, हे शिकलेल्या नर्सवरच अवलंबून असतं.

इथे ३ वर्षांच्या पदवीत सुरुवातीलाच शाखा ठरते, मानसिक आरोग्य ही त्यातली एक. एकूण ४,६०० तास, निम्मे वर्गात, निम्मे रुग्णांजवळ. आपल्याकडे ४ वर्षं सगळे विषय, मग किमान १ वर्ष नोकरी आणि नंतर २ वर्षांचं एम.एस्सी. ते नोकरीचं वर्ष कागदापुरतं करू नकोस. माझं मत विचारशील तर ३ वर्षं वॉर्डात काढ, नागपूरच्या प्रादेशिक मनोरुग्णालयात किंवा सरकारी मेडिकल कॉलेजच्या मानसोपचार विभागात. पुढे इकडे यायचं ठरलं तर इंग्रजीची परीक्षा, मग संगणकावरची, आणि शेवटी १० टप्प्यांची ओस्की, म्हणजे प्रत्यक्ष करून दाखवायची परीक्षा. मानसिक आरोग्यवाल्यांची ओस्की वेगळी असते. शिक्षक झाल्यावरही नोंदणी दर ३ वर्षांनी नवी करावी लागते. त्यासाठी ४५० तासांचं काम आणि ३५ तासांचं शिक्षण दाखवायचं, शिकवण्याचे तास कामात धरतात.

आता खरं काम. या विषयाचा शिक्षक सगळ्यात जास्त वेळ देतो तो प्रश्न विचारायला शिकवण्यात. ‘तसे वाईट विचार येत नाहीत ना?’ असं विचारलं की त्या ‘ना’मध्येच उत्तर ठरून जातं, समोरचा ‘नाही नाही’ म्हणून मोकळा होतो. सरळ विचारायचं: ‘जीव द्यावा असं मनात येतं का?’ आणि गप्प बसायचं. ती पाच-सात सेकंदांची शांतता विद्यार्थ्यांना सोसत नाही. ते पुढचा प्रश्न टाकतात नाहीतर फॉर्ममध्ये डोकं घालतात, आणि उत्तर तिथेच हुकतं. विचारल्यामुळे नसलेला विचार डोक्यात शिरत नाही, हे अभ्यासांत तपासलेलं आहे. ‘हो’ आलं तर उपदेश नको. माणसाला एकटं सोडायचं नाही, फवारणीचं औषध कुठे ठेवलंय ते विचारायचं, ते त्याच दिवशी घरातून हलवून कुलपात, किल्ली दुसऱ्याकडे, आणि डॉक्टरकडे न्यायचं. रात्री-बेरात्री १४४१६ हा टेलिमानसचा नंबर आहे, मराठीत बोलतात. हे सगळं वर्गात एकमेकींवर करून बघायचं, वाचून येत नाही.

संशोधनाचा विषयही असाच रुग्णाजवळ सापडतो. आपल्या अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत ‘विश्राम’ नावाचं काम झालं. गावातल्याच कार्यकर्त्यांनी घरोघरी जाऊन बोलणं केलं, आणि १८ महिन्यांत नैराश्य असलेल्यांपैकी मदत घेणारे ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेले.

तुझ्यासाठी मला एक विषय सुचतो: लिथियमची गोळी (मन कधी फार चढतं, कधी फार खचतं त्या आजाराची) आणि नवतपा, म्हणजे मेअखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस. रक्तात लिथियम साधारण लिटरमागे ०.६ ते ०.८ मिलिमोल ठेवतात, १.५ च्या वर गेलं की विष. वावरात घाम गेला की पाणी आणि मीठ कमी होतं, मग मूत्रपिंड लिथियम धरून ठेवतं. त्यात कंबर दुखते म्हणून डायक्लोफेनॅक घेतली की पातळी आणखी चढते. हात जोरात थरथरणं, तोल जाणं, जीभ जड होणं, उलट्या-जुलाब. घरच्यांना वाटतं ऊन लागलं. कांद्याचा रस देऊन झोपवतात, आणि रात्रीची गोळीही देतात. खरं तर पुढची गोळी थांबवून त्याच दिवशी रक्त तपासायला न्यायला हवं.

यात मोजायचं काय? घरच्यांना या खुणा ओळखता येतात का, शिकवण्याआधी आणि शिकवल्यावर. सोबत लिथियमची पातळी, फेब्रुवारीत एकदा आणि मेच्या शेवटी एकदा. रक्त शेवटच्या गोळीनंतर १२ तासांनीच घ्यायचं. सकाळची गोळी खाऊन माणूस आला तर आकडा खोटाच जास्त दिसतो, म्हणून गोळीची वेळ आधी लिहून घे. आकडा जास्त आला तर तो डॉक्टरला त्याच दिवशी कळवायचा, अभ्यास संपेपर्यंत वहीत ठेवायचा नाही. नैतिकता समितीची परवानगी पहिल्या रुग्णाला भेटण्याआधी हवी. आणि पुढे तिसरी भेट ठेवलीस तर ती मृगात ठेवू नकोस. पेरणी सोडून कोणी दवाखान्यात येत नाही, निम्मी माणसं गळाली तर अभ्यासातून काही सांगता येत नाही.

तुझा प्रश्न एका वाक्यात लिहून पाठव. दोन वाक्यं लागली तर तो अजून मोठा आहे, मग आपण तो फोनवर बसून लहान करू. आईला नमस्कार सांग, आणि या उन्हात तिला दुपारी वावरात जाऊ देऊ नका.

तुझी,
आत्या