बोर्ड बदलू नको, पऱ्या

नागपूर,
१८ जानेवारी २०२६

प्रिय पऱ्या,
सप्रेम नमस्कार.

संक्रांतीला तुझा फोन आला तेव्हा मी गच्चीवर होतो. चारी बाजूंनी ‘ओ काट’चा एवढा गलका, की तू काय विचारून राहिला ते अर्धंच ऐकू आलं. सईच्या कॉम्प्युटरला ग्राफिक्स कार्ड घ्यायचं आहे, आणि दुकानदार म्हणतो की नवं कार्ड जेन ५ चं, म्हणजे पाचव्या पिढीच्या स्लॉटसाठीचं, तुमचा कॉम्प्युटर जेन ३ वर चालतो, तेव्हा मदरबोर्ड, प्रोसेसर, रॅम सगळंच बदला. एवढं समजलं. “लिहून कळवतो” म्हणालो होतो, ते हे पत्र.

“नको बदलू” हे फोनवरच सांगता आलं असतं. पण गेल्या दिवाळीपासून मी स्वतः याच प्रश्नात अडकलो होतो. मला मोकळं व्हायला इतका वेळ लागला, त्याचं मूळ आपण दोघांनी २००५ मध्ये बर्डीच्या बाजारातून आणलेल्या त्या कॉम्प्युटरात आहे.

बजाजनगरची खोली आठव. मला कमी पडलेले दोन हजार तू मेसच्या पैशांतून काढून दिले होतेस. सॉकेट ७५४ चा बोर्ड, त्यावर ॲथलॉन ६४ प्रोसेसर, आणि मध्यभागी ग्राफिक्स कार्ड बसवायचा तो तपकिरी एजीपी स्लॉट. दुकानात तू मला बाजूला ओढून म्हणालास, “अबे, नवा स्लॉट येऊन राहिला. थोडं थांबून जा.” तो नवा स्लॉट म्हणजे पीसीआय एक्सप्रेस. ते तेव्हा नुकतंच बाजारात उतरलं होतं, इंटेलचे ते स्लॉट असलेले ९१५ आणि ९२५ चिपसेट जून २००४ चे. मी दुकानदाराला विचारलं. तो म्हणाला, वेगात फरक पडत नाही, आणि एजीपीचा बोर्ड स्वस्त आहे.

तो माणूस खोटं बोलत नव्हता, हे मला आज मान्य आहे. एजीपी ८एक्समधून सेकंदाला सुमारे २.१ गीगाबाइट डेटा जायचा, पीसीआय एक्सप्रेसच्या १६ लेनमधून (लेन म्हणजे डेटा जायच्या समांतर वाटा) प्रत्येक दिशेला ४ गीगाबाइट. आकडा जवळजवळ दुप्पट, पण त्या काळच्या कार्डांना एजीपीचीच वाट पुरून उरत होती. जी-फोर्स ६६०० जीटी हे कार्ड दोन्ही स्लॉटसाठी मिळायचं. ते मुळात पीसीआय एक्सप्रेसचं कार्ड. एजीपीसाठी त्यावर मधे एक दुभाषी चिप बसवलेली असायची. तरी गेममध्ये दोघं जवळपास सारखीच धावायची.

वेगाचा हिशेब बरोबर होता आणि तरी मी फसलो. २००७ च्या मे महिन्यात मला थ्रीडीचं पहिलं काम मिळालं, एका बंगल्याचे व्ह्यू. आपलं ते एफएक्स ५२०० कार्ड दम टाकत होतं. भर उन्हात मी अख्खी बर्डी पालथी घातली. सगळीकडे ८६०० जीटी कार्ड मांडलेलं, पण ते फक्त पीसीआय एक्सप्रेसचं. ही कार्डं बनवणाऱ्या एनव्हीडिया कंपनीने एजीपीची साथ ७ व्या मालिकेनंतर सोडली होती. जी थोडी एजीपी कार्डं उरली होती, ती जुनी असून महाग. स्लॉटचा आकारच वेगळा, त्यामुळे हळू का होईना, चालवून घेऊ, असंही म्हणता येत नव्हतं. कार्ड बदलायचं तर बोर्ड, बोर्ड बदलायचा तर प्रोसेसर, म्हणजे सगळंच. ते काम दुसऱ्याकडे गेलं. संध्याकाळी खोलीवर आलो, कूलरसमोर बसलो आणि तुला सांगितलं. “मी म्हटलं होतं” हे शब्द तू त्या दिवशीही काढले नाहीस आणि नंतरही कधी नाही. पऱ्या, ते मी विसरलेलो नाही.

त्या दिवसापासून मी मनाशी गाठ बांधली की स्लॉट नेहमी नव्यातला नवा घ्यायचा. २०२० मध्ये कामं ठप्प होती, हात आखडला होता, म्हणून बी४५० बोर्ड घेतला. बाजारात जेन ४ आलेलं असताना मी जेन ३ घरी आणलं, आणि पाच वर्षं ती रुखरुख राहिली.

मागच्या ऑक्टोबरात बेसा भागातल्या एका मोठ्या स्कीमचा वॉकथ्रू हाती घेतला. चार इमारती, बगीचा, दोनशेच्या वर झाडं. माझ्या १६६० सुपर कार्डाची ६ जीबी मेमरी ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये सीन उघडताच संपायची. नवं कार्ड घ्यायचंच होतं. मग तोच जुना काटा रुतायला लागला, की आता तरी जेन ५ चा बोर्ड घ्यावा, पुन्हा तशी फसगत नको. त्यासाठी एएम५ या नव्या प्रोसेसर-सॉकेटवर जायचं, म्हणजे नवा प्रोसेसर आणि डीडीआर५ रॅम. आणि रॅमचे भाव किती चढलेत ते तुला ठाऊक आहेच. कोटेशन आणलं, ते कार्डाच्या किमतीच्या वर जात होतं. मी ॲडव्हान्स द्यायला निघालोही होतो.

आदल्या रात्री वहीत दोन्ही काळ शेजारी शेजारी लिहून पाहिले, तेव्हा डोक्यात लख्ख झालं. २००५ मध्ये वेगाचा फरक बिनकामाचा होता, पण वाट बंद होणार होती. आज उलट आहे. वेगाचा आकडा चौपट फुगलाय, पण वाट उघडी आहे. जेन ५ चं कार्ड जेन ३ च्या स्लॉटमध्ये निमूट बसतं आणि जेन ३ च्या वेगाने चालतं. २००३ च्या पहिल्या आवृत्तीपासून पीसीआय एक्सप्रेसच्या या स्लॉटचा आकार तोच आहे. मी वीस वर्षं ज्या भीतीने नवा स्लॉट शोधत होतो, ती भीती या स्लॉटला लागूच नव्हती.

मग उरतो वेग. जेन ३ च्या १६ लेनमधून प्रत्येक दिशेला साधारण १६ गीगाबाइट, जेन ४ मध्ये ३२, जेन ५ मध्ये ६४. ऐकायला छाती दडपते. पण कार्डाचा स्वतःच्या मेमरीशी जो व्यवहार चालतो, तो कितीचा माहीत आहे? मी घेतलं ते आरटीएक्स ५०६० टीआय, त्याचा ४४८ गीगाबाइट प्रतिसेकंद. खरं काम तिथे होतं. स्लॉटमधून सीन एकदा आत गेला, की रेंडर, म्हणजे चित्र तयार होणं, संपेपर्यंत त्या वाटेवर फारशी ये-जा नसते. गोदाम पुरेसं मोठं असेल तर दारात ट्रकची रांग लागत नाही.

गोदाम लहान पडलं की मात्र हाल. कार्डाची मेमरी भरली की उरलेला माल मुख्य रॅममध्ये ठेवावा लागतो आणि घडीघडी त्या अरुंद दारातून आणावा लागतो. तेव्हा जेन ३ आणि जेन ५ मधला फरक चांगलाच जाणवतो. आरएक्स ६५०० एक्सटी हे कार्ड आठव, जानेवारी २०२२ चं. फक्त ४ जीबी मेमरी आणि फक्त ४ लेन. जेन ३ च्या बोर्डावर ते कार्ड फार मार खायचं. तेव्हा सईसाठी मेमरी आधी बघ. ५०६० टीआय ८ जीबीतही मिळतं आणि १६ जीबीतही, डब्यावरचं नाव तेच. आर्किटेक्चरच्या पोरीला ८ जीबी दोन सेमिस्टरही पुरणार नाही. पैसे टाकायचेच तर तिथे टाक.

लेनचं एक सांगायचं राहिलं. ५०६० टीआयला १६ नाही, ८ च लेन आहेत. स्लॉट भरून बसतं, पण अर्धंच वापरतं. म्हणजे जेन ३ वर ८ गीगाबाइट. आरएक्स ९०६० एक्सटी या दुसऱ्या कार्डाला पुरत्या १६ लेन आहेत आणि तेही १६ जीबीत मिळतं. गेम खेळायचे असते तर जुन्या बोर्डासाठी मी तेच घेतलं असतं. पण आपलं काम ब्लेंडरचं, आणि तिथे एनव्हीडियाचं ऑप्टिक्स, म्हणजे रेंडर करायची त्यांची पद्धत, मला जास्त वेगवान वाटतं, म्हणून मी ८ लेन पत्करल्या. मनाचं समाधान व्हावं म्हणून कार्ड घेऊन लक्ष्मीनगरच्या एका मित्राकडे गेलो. त्याचा बोर्ड जेन ५ चा. बेसाचाच सीन लावला. उघडायला दोन-तीन सेकंद कमी लागले, रेंडरची वेळ तीच. त्या रात्री मला शांत झोप लागली.

आता सईच्या बोर्डाबद्दल. तू पाठवलेला फोटो मी मोठा करून पाहिला. त्यावर बी५५० लिहिलं आहे, पऱ्या. तो जेन ३ चा बोर्डच नाही, जेन ४ चा आहे. जेन ३ आहे तो तिचा ५६००जी प्रोसेसर. तू २०२२ च्या सुरुवातीला घेतलास, तेव्हा कार्डांचे भाव पेटले होते, म्हणून प्रोसेसरच्या आतल्या ग्राफिक्सवर भागवायचं ठरवलं होतंस. तेव्हा ते अगदी योग्यच होतं. पुढे कधी अडलंच तर फक्त प्रोसेसर बदल. ५६०० किंवा ५७००एक्स टाकला की तोच स्लॉट जेन ४ होतो. बोर्ड, रॅम, कॅबिनेट, कशालाच हात लावायला नको. दुकानदाराला मी दोष देत नाही, त्याने स्क्रीनवर ३.०, म्हणजे जेन ३, वाचलं असेल. पण बोर्ड बदलायला सांगण्याआधी त्यावरचं नाव वाचायला हवं होतं.

कार्ड बसवताना प्रोसेसरच्या जवळच्या, सर्वांत वरच्या लांब स्लॉटमध्येच बसव. खालचा दिसतो तेवढाच लांब, पण बहुतेक बोर्डांवर त्यात ४ च लेन पोचतात. एसएमपीएस, म्हणजे वीज पुरवणारा डबा, किती वॉटचा आहे ते मला कळव. कार्ड १८० वॉटचं आहे. स्लॉट ७५ देतो, उरलेली वीज तारेतून येते, तेव्हा ६०० वॉटचा चांगला एसएमपीएस असला तर निर्धास्त राहशील. आणि बसवण्याआधी बायोस, म्हणजे बोर्डातलं मूळ सॉफ्टवेअर, अपडेट करून घे.

एक गोष्ट सईला आधीच सांगून ठेव. मी कार्ड बसवलं, कार्डाची माहिती दाखवणारं जीपीयू-झेड उघडलं, तर तिथे १.१ दिसलं. जेन ३ पण नाही, १.१! माझ्या पोटात गोळा आला. रात्री एक वाजता कार्ड तीनदा काढलं, संपर्काच्या पट्ट्या पुसल्या, पुन्हा बसवलं, तरी तेच. शेवटी रेंडर लावून पाहिलं तर आकडा आपोआप ३.० वर गेला. काम नसताना वीज वाचवायला कार्ड तो वेग खाली आणतं. त्या आकड्याशेजारच्या प्रश्नचिन्हावर क्लिक केलं तर तिथेच तपासता येतं. पोरगी घाबरायला नको.

वाचलेल्या पैशांतून मी १६ जीबी डीडीआर४ आणखी टाकली आणि उरलेले बाजूला ठेवलेत. ॲडव्हान्स दिला नाही. बेसाचं काम येत्या आठवड्यात जाईल.

आपला तो जुना डबा अजून माळ्यावर आहे. मागच्या रविवारी खाली काढला. धुळीने भरलेला, पण एजीपीची ती खाच आणि त्यात अडकवलेलं एफएक्स ५२०० जसंच्या तसं आहे. उन्हाळ्यात सईला घेऊन ये, तिला दाखवतो. तुझे दोन हजार त्यातच आहेत.

काकूंना नमस्कार सांग. वहिनींना सांग, तिळाच्या वड्या पोचल्या आणि दोन दिवसांत संपल्यासुद्धा. एसएमपीएसच्या स्टिकरचा फोटो विसरू नको.

तुझा,
नितीन